रोजच्या तंत्रयुक्त्या: कुठल्या शिकायच्या, कशा अंगवळणी पाडायच्या आणि कुठल्या सोडून द्यायच्या

संगणक आणि फोनच्या युक्त्यांच्या लांबलचक याद्या वाचताना मजा येते आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एकही आठवत नाही. दोष स्मरणशक्तीचा नसतो. ज्या त्रासावर ती युक्ती आहे तो त्रास आपल्याला होतच नसेल, तर ती डोक्यात राहायचं काही कारणच नाही. म्हणून इथे युक्त्या मोजक्या घेतल्या आहेत, पण शक्य तिथे ती युक्ती का चालते तेही सांगितलं आहे. कारण ठाऊक असलं की मेनूतली नावं बदलली तरी वाट सापडते. शिवाय कुणी थाप मारत असेल तर तीही लवकर ओळखू येते.

आधी स्वतःचा त्रास पकडा

पहिली पायरी तंत्राची नाहीच. काही दिवस संगणकाजवळ एक कागद ठेवा. एकच कंटाळवाणं काम पुन्हा पुन्हा करताय असं जाणवलं की एका ओळीत टिपून घ्या: 'दोन फायलींमध्ये ये-जा करून एकेक ओळ कॉपी केली', 'चुकून टॅब बंद झाला', 'परवा सेव्ह केलेली फाइल शोधत बसलो'. साधारणपणे तेच चार-पाच त्रास फिरून फिरून येताना दिसतील. त्यातल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या त्रासावरचीच युक्ती आधी शिका, आणि एका वेळी एकच.

ती बोटांत बसवायचा उपाय थोडा हट्टी आहे. जुनी वाट वापरायचीच नाही असं ठरवा. समजा मजकूर शोधायला कंट्रोल + एफ शिकताय, तर डोळ्यांनी पान चाळायचं नाही. विसरून चाळायला लागलात तर थांबा, वर या आणि कळा दाबून शोधा. पहिले काही दिवस काम उलट हळू होतं. मग हात आपोआप तिकडे जायला लागतो.

कॉपी-पेस्टच्या पुढे

कट, कॉपी आणि पेस्ट ही पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. तेव्हापासून तिची एक मर्यादा तशीच चालत आली: नवीन काही कॉपी केलं की आधीचं पुसलं जातं. म्हणून तर दोन फायलींमधली ती ये-जा.

विंडोजमध्ये यावर २०१८ पासून सोय आहे. विंडोज की + व्ही दाबा. पहिल्यांदा एक छोटी चौकट उघडेल आणि क्लिपबोर्डचा (कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं त्या जागेचा) इतिहास सुरू करायचा का, असं विचारेल. 'टर्न ऑन' म्हणा. आता दहा ठिकाणचे दहा तुकडे एकामागून एक कॉपी करत जा, मग दुसऱ्या फाइलमध्ये जाऊन पुन्हा विंडोज + व्ही दाबा आणि हवा तो तुकडा निवडा. यात जास्तीत जास्त २५ गोष्टी राहतात आणि संगणक रीस्टार्ट झाला की त्या जातात. जी ओळ रोज लागते तिच्याजवळचं पिनचं चिन्ह दाबलं तर ती टिकते. मॅकवर ही सोय बरीच उशिरा आली. मॅकओएस २६ पासून ती स्पॉटलाइट या मॅकच्या शोधपट्टीत आहे. फोनवर जीबोर्ड कळफलकातही क्लिपबोर्ड आहे. तिथे पिन न केलेली गोष्ट तासाभरानं निघून जाते.

एक सावधगिरी: पासवर्ड कॉपी केलात तर तोही या इतिहासात पडून राहू शकतो. दुसऱ्याच्या किंवा सामायिक संगणकावर ही सोय सुरू करू नका.

दुसरी रोजची कटकट म्हणजे वेब पानावरचा मजकूर पेस्ट केला की त्याचा रंग, आकार आणि पार्श्वभूमीही सोबत येते. कंट्रोल + व्ही ऐवजी कंट्रोल + शिफ्ट + व्ही वापरलं तर नुसती अक्षरं येतात. क्रोममध्ये, गूगल डॉक्समध्ये आणि वर्डच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे चालतं. जिथे चालत नाही तिथे मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका आणि तिथून पुन्हा कॉपी करा. नोटपॅडला रंग आणि पार्श्वभूमी पेलत नसल्यामुळे मजकूर बहुतांशी धुऊन निघतो.

आणि जे पुन्हा पुन्हा टाइप करावं लागतं, उदाहरणार्थ पूर्ण पत्ता, ईमेल किंवा ठरावीक उत्तर, त्यासाठी फोनला लघुरूप शिकवा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट या वाटेनं जा. जीबोर्डमध्ये डिक्शनरी या भागात वैयक्तिक शब्दकोश असतो. लघुरूप असं निवडा की जे एरवी कुठल्याच शब्दात येणार नाही. 'पत्ता' हाच शब्द लघुरूप म्हणून दिलात, तर 'तुझा पत्ता काय' असं लिहितानाही सगळं घर उलगडून समोर येईल.

गेलेलं परत आणणं

टॅब बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी, मॅकवर कमांड + शिफ्ट + टी. पुन्हा पुन्हा दाबत गेलात तर आधीआधीचे टॅब उलट्या क्रमानं उघडत जातात. पूर्ण खिडकी बंद झाली असेल तर बहुतेक वेळा तीही परत येते. इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, मात्र हे चालत नाही, कारण ती खिडकी बंद झाल्यावर इतिहास ठेवायचाच नाही हेच तिचं काम आहे. (जाता जाता: इनकॉग्निटो लपवतो तो याच यंत्रावर मागाहून बसणाऱ्यापासून. कार्यालयाचं नेटवर्क किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून तो काही लपवत नाही.)

पाठवलेला मेल परत घ्यायची जीमेलची सोय अनेकांना माहीत असते, पण ती मूळच्या ५ सेकंदांवरच ठेवलेली असते. चूक लक्षात यायला ५ सेकंद फार कमी आहेत. संगणकावर जीमेल उघडा, दातेरी चाकाच्या चिन्हावरून 'सी ऑल सेटिंग्ज'मध्ये जा, 'अनडू सेंड'समोर ३० निवडा आणि अगदी खाली जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा. हे शेवटचं बटण विसरलं जातं आणि मग बदल झालाच नाही म्हणून लोक वैतागतात. इथे जीमेल गेलेला मेल ओढून आणत नाही. तेवढे सेकंद तो पाठवतच नाही, अडवून धरतो. म्हणूनच ३० सेकंदांनंतर काहीही करता येत नाही.

अँड्रॉइडवर हाताच्या एका फटक्यात सूचना उडून गेली आणि ती कुणाची होती हेच कळलं नाही, असं होतं. अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशन हिस्टरी आहे. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली ती सापडते आणि मागच्या २४ तासांतल्या सूचना दाखवते. पण सहसा ती बंद असते आणि सुरू केल्यानंतरच नोंदी ठेवू लागते. गरज पडण्याआधीच सुरू करून ठेवा.

पुसलेले फोटो लगेच नष्ट होत नाहीत. आयफोनच्या 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ते ३० दिवस राहतात. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहतात. कॅमेऱ्याच्या कार्डवरून काही पुसलं गेलं असेल तर एकच नियम पाळा: त्या कार्डावर नवीन काही टिपू नका. पुसणं म्हणजे बहुधा फक्त 'ही जागा मोकळी' अशी खूण करणं. खरा घात नवीन फोटो त्या जागेवर बसला की होतो.

बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट, यांत फरक आहे

'एकदा बंद करून चालू करून बघ' या सल्ल्याची थट्टा होते, पण तो बरोबर आहे. चालू प्रोग्राम मेमरी घेत जातात, काही ती नीट परत करत नाहीत, काही मध्येच अडकून पडतात. रीस्टार्टनं हा सगळा पसारा एकदम साफ होतो.

गोम वेगळीच आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती सुरू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची आहे तशी स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे संगणक झटकन सुरू होतो आणि कालचा बिघाडही सोबत येतो. 'रीस्टार्ट' मात्र दरवेळी कोरी सुरुवात करतो. रोज रात्री न चुकता संगणक बंद करणाऱ्या माणसाचं यंत्र म्हणूनच आठवडेच्या आठवडे 'चालू' असू शकतं.

पडताळून पाहायचं असेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे 'अप टाइम' दिसेल. आकडा काही दिवसांचा असेल तर आधी रीस्टार्ट करा. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' निवडलं तरी संगणक पूर्ण बंद होतो.

रीस्टार्टनंतरही संगणक संथच असेल तर पुढचा क्रम असा ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोपं आणि निरुपद्रवी काम आधी येतं.

१. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क या रकान्यांच्या मथळ्यांवर एकेक करून क्लिक करा. सर्वांत जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. तो बहुधा ब्राउझरच असतो.

२. ब्राउझर असेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, तपासा. कधीतरी टाकलेली आणि आता न लागणारी काढून टाका. इथे बऱ्याचदा सगळा उलगडा होतो.

३. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये जा आणि जे संगणकाबरोबरच सुरू व्हायची गरज नाही ते 'डिसेबल' करा. यानं प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही.

४. डिस्क जवळजवळ भरली आहे का ते पाहा. विंडोजला तात्पुरत्या फायलींसाठी मोकळी जागा लागते.

'संगणक वेगवान करून देतो' म्हणणारा कुठलाही चकचकीत प्रोग्राम या क्रमात नाही, आणि तो मुद्दामच नाही. वरची कामं विंडोज स्वतः फुकट करू देतो.

वायफाय अडखळत असेल तर राउटरची जागा आधी बघा. कपाटात किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर निम्मं काम बिघडवतो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून दूर जातो पण हळू असतो आणि त्या पट्ट्यात गर्दीही असते. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण भिंतींपुढे लवकर थकतो. राउटरच्याच खोलीत असाल तर ५, लांब असाल तर २.४.

शोधण्याचं कौशल्य

शोधयंत्रात नेमका शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह चिकटवा, मध्ये जागा न सोडता. एकाच संकेतस्थळात शोधायचं असेल तर 'साइट' हा शब्द रोमन अक्षरांत, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि लगेच त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा. अनेक संकेतस्थळांची स्वतःची शोधपेटी कुचकामी असते. त्यांच्यापेक्षा ही वाट बरी.

संगणकानं त्रुटीचा संदेश दाखवला तर तो वाचून हातानं टाइप करत बसू नका. विंडोजच्या साध्या संदेश-चौकटीवर कंट्रोल + सी दाबलं तर तिच्यातला मजकूर कॉपी होतो, जरी तो निवडता येत नसला तरी. शोधण्याआधी त्यातलं स्वतःचं नाव आणि फाइलचा पत्ता काढून टाका. उरलेला भाग जगात आणखी कुणाला तरी दिसलेला असतो.

जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला एक चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की पाठवणारा, तारीख, आकारमान, अटॅचमेंट असा तक्ता उघडतो. जागा संपल्याची सूचना आली की १० एमबीपेक्षा मोठे मेल शोधा. थोडेच पुसून बरीच जागा सुटते.

पण शोधावंच लागू नये यासाठीची युक्ती सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. फाइलच्या नावाची सुरुवात तारखेनं करा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ हे १९८८ चं आंतरराष्ट्रीय मानक हाच क्रम सांगतं. संगणक नावं डावीकडून उजवीकडे लावतो, त्यामुळे या क्रमानं लिहिलेल्या फायली आपोआप काळाप्रमाणे लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' ही नावं यातूनच सुटतात.

फोन: थोडं करा, थोडं करायचं सोडा

टाइप करताना मधलं एक अक्षर दुरुस्त करायला बोटानं नेमकी जागा गाठणं जिकिरीचं असतं. आयफोनवर स्पेसबार दाबून धरा आणि बोट सरकवा. जीबोर्डवर स्पेसबारवरूनच बोट डावी-उजवीकडे फिरवा. कर्सर सोबत सरकतो.

बॅटरीबाबत सल्ले खूप, पण कारण एकच लक्षात ठेवा. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि दीर्घकाळ पूर्ण भरलेलं राहणं सोसत नाही. म्हणून ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय तुमच्या फोनमध्ये असेल तर रोजच्यासाठी ती सुरू ठेवा आणि प्रवासाच्या दिवशी बंद करा. उशीखाली फोन चार्जिंगला ठेवू नका. चार्जिंगचा आकडा पाहत चिंता करत बसण्याची गरज नाही.

पार्श्वभूमीतली अ‍ॅप्स सतत वर सरकवून बंद करण्याची सवय मात्र सोडा. आताचे फोन अशी अ‍ॅप्स गोठवून ठेवतात. दरवेळी बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज लागते. अडकून पडलेलं अ‍ॅप बंद करायला हरकत नाही.

आणि ओला फोन तांदळात ठेवू नका. २०२४ मध्ये अ‍ॅपलनं आपल्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलं: तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोनचं नुकसान करू शकतात. केबल काढा, जोडणीचं तोंड खाली करून फोन हातावर हळूच आपटा आणि हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवा. किमान अर्धा तास थांबून मगच चार्जर लावून बघा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. हेअर ड्रायर नको, आत कापूसही खुपसू नका.

युक्तीच्या वेशातला सापळा

सप्टेंबर २०१४ मध्ये 'नवीन आयओएसमुळे फोन मायक्रोवेव्हमध्ये चार्ज करता येतो' अशी खरी वाटणारी जाहिरात पसरली. त्याच्या आदल्या वर्षी, अपडेट केल्यावर फोन जलरोधक होतो अशी थाप फिरत होती. सॉफ्टवेअर बदलून काचेच्या फटी बुजत नाहीत, एवढा विचार केला तरी दुसरी थाप कोसळते. युक्तीमागचं कारण विचारायचं ते यासाठीच.

आजचा सापळा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखादं पान म्हणतं, 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी विंडोज + आर दाबा, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर.' दिसायला तीन साध्या कळा. प्रत्यक्षात त्या पानानं तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर एक आज्ञा टाकलेली असते आणि एंटर दाबताच ती तुमच्या संगणकावर चालते. खरी पडताळणी कधीही ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही. जी आज्ञा आपल्याला वाचता येत नाही ती चालवायची नाही, सांगणारा कितीही मदतशील वाटला तरी. एखाद्या अ‍ॅपला जास्तीच्या परवानग्या द्यायला किंवा सुरक्षा-प्रोग्राम थोडा वेळ बंद करायला सांगणारी 'युक्ती'ही तिथेच सोडून द्या.

कंटाळवाणी, पण सगळ्यांत जास्त उपयोगी

बॅकअपसाठी ३-२-१ हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. बहुतेकांची गफलत होते ती सिंक आणि बॅकअप यांत. फोनमधले फोटो क्लाउडशी सिंक होत असतील, तर फोनमधून पुसलेला फोटो तिकडूनही जातो. म्हणून अधूनमधून बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घ्या, डिस्क काढून ठेवा. मग त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप आहे की नाही हे सांगता येत नाही.

पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनं २०१७ मध्येच म्हटलं की कारण नसताना ठरावीक काळानं पासवर्ड बदलायला लावू नये. लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे होतात. त्याऐवजी लांब आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा, म्हणजेच पासवर्ड मॅनेजर वापरा. त्याचा न बोलला जाणारा फायदा असा की तो संकेतस्थळाचा पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तो गप्प बसला की आपणही थबकायचं.

दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागणारी) सुरू कराल तेव्हा रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खात्यात शिरायचे राखीव कोड, मिळतात. ते कागदावर छापून किंवा लिहून फोनपासून दूर ठेवा. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख सांगणारा क्रमांकही त्याच कागदावर टिपा. तो *#०६# डायल केलं की दिसतो. मग एखाद्या निवांत दुपारी फोन बंद करून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावरून आपल्या मुख्य मेलमध्ये शिरायचा प्रयत्न करा. जिथे अडाल ते आधी दुरुस्त करा, आणि काम झालं की त्या संगणकावरून लॉग आउट करायला विसरू नका.